भिंतीच्या रंगाचा गणवेश

आमच्या शेजारच्या शिवणवाल्या वहिनींना मी टाचणीवहिनी म्हणते. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं सगळं ओठांच्या कोपऱ्यातून. नवरा गेल्यापासून मशीन हाच त्यांचा संसार. मी चांगलं तासभर कुणाबद्दल तरी सांगावं, तर त्या ‘हं’ म्हणून धागा तोडणार. माझ्यासारखीला असा शेजार म्हणजे शिक्षाच. पण या बाईने जे केलं, ते सांगितल्याशिवाय मला अन्न पचायचं नाही.

त्यांना एकुलती एक लेक. बारकी, दिवसभर गरगर फिरणारी, म्हणून मी तिचं नाव रीळ ठेवलं. तिला मोठ्या शाळेत फुकटची जागा मिळाली, तेव्हा वहिनींनी चक्क टाचण्या काढून मला बातमी दिली! त्या शाळेचे गणवेश वर्षानुवर्षं त्याच शिवत होत्या. फी भरणाऱ्यांना निळा, फुकटच्या जागेवरच्यांना राखाडी. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सोपं जावं म्हणून. निळे पुढच्या फाटकातून, राखाडी मागच्या. लेकीचा राखाडी गणवेश वहिनींनी दुहेरी शिवणीने शिवला.

पुढे पुढे रीळ गरगरायची थांबली. एकदा मी ब्लाउज उसवायला घेऊन गेले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी टेकवली. पिशवीखालून आवाज आला, “काकू, मी आहे इथे.”

मी पिशवी झटकन उचलली. बघते तर पोरगी समोर बसलेली, अंगावर शाळेचे कपडे.

“अगं, बोलायचं नाही का?”

“बोलले की. तुम्ही पण आमच्या बाईंसारख्याच.”

“तुझ्या बाई काय करतात?”

“त्यांना मी दिसतच नाही.”

वहिनी मशीनवरून म्हणाल्या, “नाटकं. अभ्यास नको असेल.”

आठवड्याभरात शाळेचे शिपाईमामा दारात. “वहिनी, तुमची मुलगी शाळेत येत नाही म्हणे. असंच चाललं तर सुट्टीनंतर नाव कमी करतील.”

“येत नाही? मी स्वतः सोडते रोज!”

“मला काय विचारता? बाई म्हणतात, हाक मारली की ओ येते, पण वर्गात कुणी नसतं.”

वहिनी तशाच उठल्या. मी पायात चपला सरकवून मागोमाग. अशा वेळी बाईमाणसाला एकटं सोडू नये, आणि मला तर राहवतही नाही.

इतकी वर्षं वहिनी गणवेशांचे गठ्ठे कार्यालयाच्या खिडकीत देऊन परत यायच्या. आत पहिल्यांदाच गेल्या. लांब व्हरांडा, राखाडी भिंती. मधली सुट्टी होती. निळी पोरं आरडाओरडा करत पळत होती. वहिनी भिंतीपाशी थांबल्या, वाकल्या आणि कापड पारखतात तसा भिंतीवरून अंगठा फिरवला.

“अहो, हे तर आपलंच कापड,” त्या पुटपुटल्या.

आणि भिंत हलली. श्वास घेतल्यासारखी. मग मला डोळे दिसले. एक जोडी, तिच्या शेजारी आणखी एक, पार जिन्यापर्यंत. कुणी डबा खात होतं, कुणी नुसतं उभं. निळी पोरं त्यांच्या अंगावरून हात घासत पळत होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्या डोळ्यांतल्या एका जोडीने ‘आई’ म्हटलं, तेव्हा मी वहिनींचा दंड गच्च धरला.

वहिनींनी लेकीला खेचून मोठ्या बाईंसमोर उभं केलं. मोठ्या बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. “कुठे आहे?” वहिनींनी तिला हिरव्या पडद्यापुढे सरकवलं. “अय्या, ही होय! गोड आहे हो. तिला जरा पुढे पुढे करायला शिकवा.”

“तिला निळं शिवू का?”

“छे! फाटकावर गोंधळ होईल.”

वहिनी लेकीला घेऊन तशाच घरी परतल्या. पण नव्या वर्षाचं कापड आणायचं काम दरवेळी त्यांच्याकडेच असायचं. सुट्टीत दुकानातून गठ्ठे आले ते सगळे राखाडी. निळ्याचा तागाच नाही! मी विचारलं, “वहिनी, चूक झाली का?”

“हं,” म्हणाल्या आणि मशीन सुरू.

शिवलेले गणवेश या वेळी कार्यालयाच्या खिडकीत न जाता परस्पर घरोघर गेले. आयांनी नवी फॅशन समजून मिरवले. शाळा उघडली त्या सकाळी मी रिळेचा डबा द्यायच्या निमित्ताने हजर. डबा तिच्याकडेच होता, पण पहारेकऱ्याला ते कसं कळणार? तो बिचारा सगळा राखाडी लोंढा बघून पुढचं फाटक सताड उघडून बसला होता.

पोरं आत गेली. घंटा झाली. आणि शाळा रिकामी झाली.

वर्गावर्गातून बाई हजेरी घेत होत्या, भिंती ‘हजर’ म्हणत होत्या. एक आई गॉगल डोक्यावर चढवून भिंत चाचपत होती. “सोनू, कुठे आहेस रे?”

“इथेच आहे, मम्मी. तू बघ ना नीट!”

“बघतेय रे बाळा!” तिला रडूच फुटलं. मोठ्या बाई व्हरांड्यात गोल गोल फिरत होत्या.

तेवढ्यात रीळ भिंतीतून बाहेर आली. तिला सराव होता ना. भिंतीवर तळवा ठेवत चालली, जिथे हाताला ऊब लागली तिथून मनगट पकडून एकेकाला ओढून अंगणात उन्हात उभं करत गेली. तिच्या जोडीची जुनी राखाडी पोरंही लागली कामाला. आया आपापलं पोर कवटाळत होत्या. जिन्याखाली मात्र रिळेला फार जोर लावावा लागला. हात आला तो मोठा, हाडकुळा. मागून एक उंच मुलगी आली, बाह्या कोपरापर्यंत तोकड्या झालेल्या.

शिपाईमामांनी तिला ओळखलं. “हिचं नाव तर केव्हाच कमी केलं. शाळा सोडली म्हणून.”

मुलगी उन्हाने डोळे बारीक करत म्हणाली, “तास सुरू झाला का?”

वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी सवयीने तिच्या खांद्याचं माप घेतलं.

वहिनींचं शाळेचं काम त्याच दिवशी सुटलं. निळं कापड दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. आणि पुन्हा बोभाटा नको म्हणून मोठ्या बाईंनी रंगारी बोलावले. भिंती पिवळ्या करायच्या. बादल्या आल्या, शिड्या लागल्या, आणि रीळ जिन्याखालच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“बाजूला हो गं,” रंगारी म्हणाला.

“नाही. आत अजून आहेत.”

मोठ्या बाई ओरडल्या, “हिला वर्गात न्या कुणीतरी!” रिळेच्या वर्गाच्या बाई आल्या. तिला उचलायला वाकल्या, तोल सावरायला हात भिंतीला टेकवला, आणि तिथेच थबकल्या. हात काढेचनात. रंगाऱ्याला त्यांनी मानेनेच थांब म्हणून खुणावलं. मग रिळेकडे बघून, वर्षभरात पहिल्यांदा, तिचं खरं नाव घेऊन हळूच विचारलं, “कुठे धरायचं असतं गं?”

“मनगटाला,” रीळ म्हणाली. “आणि आधी हाक मारायची.”