भाऊ आत आहेत

वहिनींच्या घरी मी पहिल्यांदा गेलो आणि त्यांच्या न्हाणीघरात अडकलो. यात नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. "हात धुवा, पण कडी लावू नका, ती रुसते," असं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. पण मी पडलो संकोची. परक्या घरात दार नुसतं लोटून घ्यायचं म्हणजे मला भर रस्त्यात सदरा बदलल्यासारखं वाटतं. मी कडी लावली. ती अशी घट्ट बसली, की जणू इतकी वर्षं माझीच वाट बघत होती. मग मी जोर केला. जोर हा काही माझा प्रांत नव्हे. मूठ माझ्या हातात आली आणि कडी होती तिथंच राहिली.

बाहेर टेबलावर माझी पटकथा पडली होती. वहिनींनी ती वाचली होती आणि त्यांचं उत्तर ऐकायला मी गेलो होतो. त्या 'हो' म्हणाल्या तर सिनेमा होणार होता. 'नाही' म्हणाल्या तर निर्माता गाशा गुंडाळणार होता, कारण वहिनींशिवाय 'रांगेत या' म्हणजे नवरीशिवाय लग्न, असं त्याचं ठाम मत होतं.

'रांगेत या' ही एके काळी घराघरांत बघितली जाणारी मालिका. पुढे तिचं नाटक झालं, तेही धो धो चाललं. गोष्ट एवढीशीच. आठ माणसांचं घर आणि न्हाणीघर एक. त्यात कायम भाऊ, म्हणजे घरातले थोरले. बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून बाकीचं खटलं रांगेत उभं. दिरांची भांडणं त्या रांगेत व्हायची, नणंदेचं लग्न त्या रांगेत ठरायचं, आणि दर थोड्या वेळानं वहिनी दारावर थाप मारून म्हणायच्या, "अहो, आटपा." आतून भाऊ म्हणायचे, "आलोच!" आणि यायचे नाहीत. सगळं घर उलथंपालथं होऊन गेलं, की अगदी शेवटी ओल्या केसांनी बाहेर येऊन विचारायचे, "काही झालं का?" त्यावर वहिनी त्यांच्याकडे नुसत्या बघायच्या. ते बघणं बघायला लोक जेवणं लवकर उरकून बसत.

ही मालिका बघत वाढलेला आमचा निर्माता ती आता मोठ्या पडद्यावर आणायला निघाला होता. अडचण एकच होती. भाऊंचं काम करणारे नट, ज्यांना सगळे भाऊच म्हणत, मध्यंतरी वारले होते. मी त्यावर तोडगा काढला होता, आणि खोटं कशाला बोलू, त्यावर मी खूषही होतो. सिनेमा सुरू होतो तेव्हा भाऊ भिंतीवरच्या फोटोत आहेत, खाली भावंडं घराच्या वाटणीवरून भांडताहेत. हसूही आणि आसूही.

वहिनी पोटापाण्यासाठी नटी कधीच नव्हत्या. नोकरी पाणीपुरवठा कचेरीत, तक्रारीच्या खिडकीवर. चित्रीकरण रजा काढून. रिकामी कळशी घेऊन संतापानं आलेला माणूस खिडकीत वहिनींना बघायचा आणि त्याचा राग निम्मा उतरायचा. "आमच्याकडे थेंब नाही, आणि तुमच्या भाऊंच्या अंघोळीला बरं पुरतं," असं म्हणायचा. वहिनी तक्रार लिहून घेता घेता म्हणायच्या, "म्हणून तर तुमच्याकडे येत नाही." तो हसत परत जायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नळाला पाणी आलेलं असायचं. पाणी आलं नसतं तर नुसत्या विनोदावर कोण टिकलं असतं? त्या कचेरीत साहेब किती आले आणि गेले, कुणाला आठवत नाही. खिडकी मात्र 'वहिनींची खिडकी' झाली, ती त्या निवृत्त झाल्यावरही तशीच राहिली.

सगळं गाव त्यांना वहिनी म्हणतं. अपवाद एक, त्यांचे यजमान. ते घड्याळजी. त्यांचं म्हणणं असं, की बायकोनं मारलेली 'अहो' ही हाक त्यांना कायम वापरलेली मिळाली. दिवसभर ती भाऊंसाठी, संध्याकाळी उरलीसुरली ह्यांच्यासाठी.

तर हे घड्याळजी आता माझ्या सुटकेसाठी आपली हत्यारं घेऊन आले. त्यांच्याकडचा सगळ्यात दणकट स्क्रू ड्रायव्हर भिंतीवरच्या घड्याळाचा होता. बाकीचे सगळे बायकांच्या मनगटी घड्याळांचे. "घाई करू नका," ते मला दाराबाहेरून म्हणाले. मी घाई करून काय करणार होतो? बादलीवर फळी ठेवून बसलो.

वहिनी बाहेर स्टूल ओढून मटार सोलायला बसल्या. शेंगा फुटल्याचे आवाज मला आत येत होते. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "वाचलं मी तुमचं. चांगलं लिहिता. पण मी काम करणार नाही."

कडी अडकली तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला आता बसला. मी कारण विचारलं.

मग त्या बोलत राहिल्या. मालिका बंद पडल्यावरही खिडकीत येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय वहिनी, भाऊ आले का बाहेर?" आणि त्या म्हणायच्या, "अजून आत आहेत." तो एक रिवाजच पडून गेला होता. भाऊ गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ गळक्या पाइपची तक्रार घेऊन आले. तक्रार सांगून झाली तरी हलेनात. पेपर त्यांनीही वाचला असणार. मग हळूच त्यांनी विचारलं, भाऊ आले का बाहेर.

"मी काय सांगायचं होतं त्यांना?" वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, आत आहेत. त्यांनी मान हलवली आणि गेले. पुढे निवृत्त होईपर्यंत मी लोकांना तेच सांगत आले. आता तुमच्या पहिल्याच पानावर मी त्या माणसाला भिंतीवर टांगू होय?"

घड्याळजींची खुडबूड थांबली होती. तेही ऐकत असावेत.

मी आतून माझी बाजू मांडली. भाऊ नाहीत, त्यांच्या जागी दुसरा नट लोक चालवून घेणार नाहीत, मग पडद्यावर भाऊ दाखवायचे तरी कसे?

"मला आत्ता तुम्ही दिसताय का?"

"नाही."

"मग? बोलतेय ना मी तुमच्याशी?"

आत अंधार होता, पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेवढ्यात दारही उघडलं. मी घामाघूम होऊन बाहेर आलो आणि तोंडातून सवयीनं काहीतरी जायला हवं म्हणून म्हणालो, "काही झालं का?" वहिनींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. इतकी वर्षं जे पडद्यावर बघितलं होतं ते समोरासमोर झेलायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

पटकथा मी पहिल्या पानापासून पुन्हा लिहिली. घर विकलं गेलंय, प्रत्येकानं नवं बिऱ्हाड केलंय, प्रत्येकाला आता स्वतःचं न्हाणीघर. जुन्या घरातली आवराआवर चाललीय आणि भाऊ आत आहेत. निर्माता उडालाच. त्यानं लगेच सुचवलं, की भाऊंचं 'आलोच' हल्ली कॉम्प्युटरवर हुबेहूब बनवून मिळतं. वहिनींनी सांगितलं, ते 'आलोच' भाऊंनी स्वतःच्या घशातून काढलेलं होतं, ते आता यंत्राकडून उसनं नको. अंघोळ करणारा माणूस बोललाच पाहिजे असं कुठं आहे? पाण्याचा आवाज पुरे.

पण तो पाण्याचा आवाजही त्यांना मागाहून चिकटवलेला नको होता. दाराशी बोलायचं तर दारामागं कुणीतरी हवं, वाक्याला थांबणारं, वाक्यावर पाणी ओतणारं. सगळी वाक्यं पाठ असलेला रिकामटेकडा माणूस तिथं एकच होता. अशा रीतीनं मी दुसऱ्यांदा न्हाणीघरात गेलो. या खेपेस न्हाणीघर सेटवरचं, त्यामुळं निदान मागची भिंत नव्हती. बादली, तांब्या, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, आणि सारखं शिंकणं. पहिल्याच दिवशी वहिनींनी मला बाहेर बोलावून समजावलं, की मी गाडी चुकणाऱ्या माणसासारखं पाणी ओततो. भाऊंना कधी कसली घाई नव्हती, म्हणून तर बाहेर रांग होती.

मी सावकाश ओतायला शिकलो. आणि दाराआडून त्यांचं काम ऐकत राहिलो. त्या वयात, त्या उकाड्यात, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणताना प्रत्येक वेळी त्यात नवी कागाळी असायची, नवी माया असायची. दिसत काहीच नव्हतं मला. पण उभ्या आयुष्यात इतक्या जवळून अभिनय मी बघितला नाही.

शेवटच्या प्रसंगावरून मात्र पुन्हा वाजलं. निर्मात्याला दार उघडायला हवं होतं. आत कुणी नाही, नुसता उजेड. कल्पना मलाही भारी वाटली होती. वहिनी म्हणाल्या, दार उघडणार नाही. का, ते सांगितलं नाही. आम्ही दोघांनी समजूत घालून बघितली, पण ज्या बाईनं तक्रारीच्या खिडकीवर जन्म काढला तिच्यापुढे आमची तक्रार काय टिकणार?

मग चित्रीकरण झालं ते असं. सामानाचा टेम्पो दारात. सगळे खाली उतरलेले. वहिनी एकट्या दारापाशी येतात. "अहो, आटपा. गाडी आलीय." मी ठरल्याप्रमाणे पाणी थांबवलं. वहिनींनी खांद्यावरचा टॉवेल दाराच्या मुठीला अडकवला, स्टूल ओढलं आणि वाट बघत बसल्या. बस्स.

पहिल्या खेळाला आजोबा-आजींपासून मांडीवरच्या पोरांपर्यंत सगळे आले होते. वहिनी आणि घड्याळजी माझ्या शेजारी. सबंध सिनेमाभर थिएटर हसत होतं. टॉवेल मुठीला अडकला आणि सगळं चिडीचूप झालं. कुणी खोकेना. मग मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याचा थरथरता आवाज आला, "आलोच!"

हसत होते की रडत होते, कुणाचं कुणाला सांगता येईना. घड्याळजींनी बायकोचा हात हातात घेतला. मी तर पार विरघळून गेलो होतो. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर वहिनी पदरानं चष्मा पुसत उभ्या होत्या. अशा वेळी माणसानं गप्प बसावं, हे मला अजून साधलेलं नाही. मी विचारलं, "वहिनी, शेवटच्या प्रसंगात दार उघडलं असतं, तर तुम्हाला आत कोण दिसलं असतं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही. म्हणून तर उघडू दिलं नाही."