मामाजींची खीळ

गाड्या उभ्या, बैल उभे, आणि मी तेवढी घरात येरझाऱ्या घालत होते. नववा महिना लागलेला. बसले तरी चैन नाही, उठले तरी नाही. आमच्या अमरावतीच्या गाडीअड्ड्यावर चौधरी निवडायचा म्हणून पाच दिवस एक चाक फिरलं नव्हतं, आणि मला अकोल्याला आईकडे जायचं होतं. हौसेनं नव्हे हो. पहिलं पोर ह्याच घरात गेलं माझं. पोटात आडवं होतं, सुईणीला काही ते फिरवता आलं नाही. ह्या खेपेला त्याच सुईणीनं पोट चाचपलं आणि हात काढून घेतला. म्हणाली, "बाई, हेही आडवंच हाये. माह्या हातचं नाई. तुह्या मायकडं जाय." माझी आई अकोल्यात बाळंतपणं करायची. आडवं पोर फिरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात सासू असती तर ती तरी भांडली असती माझ्या वतीनं, पण ती केव्हाच देवाघरी गेलेली. मग सांगा, मी कशी स्वस्थ बसू?

अड्ड्याची रीत अशी. चौधरी म्हणजे गाडीवानांचा म्होरक्या. भाडं तो ठरवी, साहेबापुढं तो बोले. दोघे उभे राहिले की निंबाखाली दोन घोंगड्या अंथरायच्या, आणि ज्यानं त्यानं आपल्या गाडीच्या चाकाची लोखंडी खीळ काढून हव्या त्याच्या घोंगडीवर ठेवायची. खीळ नसली की चाक निघून पडतं, गाडी हलत नाही. निकाल लागेस्तोवर सगळे जागच्या जागी. मधेच कुणी खीळ उचलली तर त्या बाजूची एक कमी झाली, परत ठेवता येत नाही. दुसरी खीळ लोहाराकडं मिळत नव्हती का? मिळत होती की! पण निवडीच्या दिवसांत दुसरी खीळ घालून गाडी हाकणं म्हणजे अड्ड्यात तोंड काळं करून घेणं. पुरुषांनी ठरवायचं आणि बायकांनी निस्तरायचं, दुसरं काय.

उभे होते त्यातले एक माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, आणि दुसरे मशिदीपाशी राहणारे चाचा. दोघांनी उमरभर मागंपुढं गाड्या हाकलेल्या, एकमेकांच्या बैलांना पाणी पाजलेलं. बिनसलं ते आगगाडीवरून. त्या साली आगगाडी अकोल्यावरून पुढं बडनेऱ्यापर्यंत येऊन ठेपली होती. मामाजींचं म्हणणं, बडनेऱ्याच्या स्टेशनावर कापसाची एक गाठ न्यायची नाही. माल आपल्या गाड्यांतून घाट उतरून थेट मुंबईला जाईल, बापजाद्यांपासून जातो तसा. साहेबाला सांगायचं, त्याच रस्त्यावर खडी टाक, वाटेत विहिरी बांध. चाचा म्हणायचे, "लंबी खेप मर गई, भाई. बडनेऱ्यापर्यंत पक्की सडक मागू. दिवसाले दोन खेपा मारू आन् घरी येऊन जेवू."

मला विचाराल तर चाचांचं बरोबर होतं. पण मला विचारतो कोण? खिळी मोजल्या तर दोन्हीकडं सारख्या. ना हा मागं सरे, ना तो. तिकडं पेठेत कापूस पडून, व्यापारी बोंबलताहेत. दूर कुठल्या मुलुखात लढाई जुंपली म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई संपली म्हणत, पण आमच्या लोकांची हवा काही उतरली नव्हती. एका शहाण्यानं तर चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. त्याची गाडीसुद्धा तशीच लंगडी उभी.

आमचं घर अड्ड्यासमोरच, त्यामुळं सगळं भाषण कानावर यायचं. मामाजी एकदा सुरू झाले की थांबत नसत. आगगाडीच्या आवाजानं गाई आटतात म्हणाले. धूर वावरावरून गेला की बोंडं काळी पडतात म्हणाले. आणि एका दुपारी, टाळ्या मिळत गेल्या तसे आणखी चढले, "गरवार बाई त्या धुराजवळ गेली ना, तं पोर आंधळं निपजते! मी सांगतो!" म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, आणि जे अजून कुंपणावर होते त्यांतल्या दोघांनी जाऊन आपल्या खिळी मामाजींच्या घोंगडीवर ठेवल्या. त्यानंच तर बरोबरी झाली.

जेवायला आले तेव्हा मी ताट पुढं सरकवत विचारलं, "मामाजी, हे कोणी सांगतलं तुमाले?"

"सांगाले कोण लागते?" म्हणाले, आणि भाकर मोडली.

आमचे हे म्हणजे देवमाणूस. रोज म्हणायचे, "बापाले विचारतो, गाडी काढू का म्हणून," आणि रोज परत येऊन म्हणायचे, "उद्या." उद्या! मी म्हटलं, पोराला सांगा पोटात थांबायला, निवड चालू आहे म्हणावं. खाली मान घालून बैलांना चारा टाकायला निघून गेले.

सहाव्या दिवशी सकाळी भाकरी थापत होते तर पाठीतून एक कळ आली आणि गेली. माझ्या डोळ्यांपुढं पहिल्या वेळचं सगळं उभं राहिलं. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. तव्यावरची भाकर तशीच टाकली, पिठाचे हात पदराला पुसले, पदर डोक्यावर ओढला आणि थेट अड्ड्यावर गेले. आमच्याकडं सून अशी पुरुषांच्या बैठकीत जात नसे.

मी मामाजींच्या घोंगडीपाशी उभी राहिले. "मले अकोल्याले जायचं हाये," मी म्हटलं. "ह्यायची खीळ कोणती, सांगा. मी उचलतो."

ह्यांच्याकडं बघितलं तर ते पांढरेफटक. मग मीच शोधायला लागले. ह्यांच्या खिळीच्या डोक्याला एक खाच होती, मला ती ठाऊक होती. वाकायला गेले, पण पोट मधे. गुडघे धरून तशीच अर्धवट अडकले, वर येता येईना की खाली जाता येईना. लाजेनं आणि रागानं डोळ्यांतून पाणी आलं.

तेव्हा मामाजी उठले. माझा दंड धरून मला सरळ उभं केलं. म्हणाले, "त्याची राहू दे. त्याले याच अड्ड्यात जिंदगी काढायची हाये." मग वाकून त्यांनी स्वतःची खीळ उचलली.

स्वतःच्या घोंगडीवरून स्वतःची खीळ! चाचा ताडकन उठले. "रुको भाई, मैं भी अपनी उठा लेता हूँ. बरोबरी होऊन जाईल."

"हात नोको लावू," मामाजी म्हणाले. "तू चौधरी झाला. गाड्या सुटू दे आता."

खीळ चाकात ठोकून गाडी जुंपली ती त्यांनीच. मी मागं कडब्यावर आडवी पडले. वेशीबाहेर गाडी अकोल्याच्या वाटेला न लागता दुसरीकडं वळली, तशी मी उठून बसले. "मामाजी, कुठी चाललो आपण?"

"बडनेऱ्याले. बैलगाडीनं अकोला तीन दिवस. पोचत नाई तू."

"अन् ते धुराचं? पोर आंधळं निपजते म्हणे."

बराच वेळ ते बैलांशीच बोलत राहिले. मग मागं न बघता म्हणाले, "निवडीत माणूस काहीबी बोलते."

मला हसू आलं, संतापही आला. ह्या काहीबीपायी मी सहा दिवस तडफडले होते!

बडनेऱ्याला बैल एका ओळखीच्याकडं बांधले, आणि मामाजींनी चाकाची खीळ काढून सोबत घेतली. मामाजींनी आयुष्यात आगगाडी जवळून पाहिली नव्हती. इंजिन आत आलं तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. डब्यात बसल्यावर खांद्यावरचं घोंगडं काढून माझ्या पोटावर टाकलं, मग स्वतःचा पटका सोडला आणि खिडकीच्या फटीत कोंबला. "मामाजी, थंडी नाई वाजून राहिली मले," मी म्हटलं. "राहू दे," म्हणाले. अकोला येईस्तोवर बोडक्या डोक्यानं बसून होते, मुठीत ती खीळ. मला वाटलं, गेलेल्या चौधरीपणाचं दुःख करताहेत. करा म्हटलं.

आईनं दार उघडलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि मामाजींना अंगणात बसवलं. पुढचं मला नीट आठवत नाही. आईनं पोर कसं फिरवलं तिचं तिलाच ठाऊक. उजाडता उजाडता मुलगी झाली आणि रडली. पहिलं पोर रडलं नव्हतं. तो आवाज ऐकून मीच हंबरडा फोडला.

आईनं बाहेर जाऊन सांगितलं. मामाजींनी मुलगा की मुलगी हेसुद्धा विचारलं नाही. "डोळे?" एवढंच म्हणाले. आई म्हणाली, "दोन हायेत, ज्याच्या त्याच्या जागी." तिला वाटलं म्हाताऱ्याची झोप झाली नाही.

तिकडं बैल लोकाच्या दारात, हंगाम सुरू, तरी मामाजी अकोल्याहून हलेनात. पाचवीच्या दिवशी पोरीच्या उशाशी लोखंड ठेवायला आई विळा शोधत होती, तेव्हा ते उंबऱ्याशी आले आणि कमरेची खीळ काढून म्हणाले, "हे ठेवा." पण ठेवली नाही लगेच. पोर माझ्या मांडीवर जागं होतं. दारातून ऊन आत आलं होतं. त्या उन्हात त्यांनी खीळ धरली, सहा दिवस मुठीत घासून ती चकचकीत झाली होती. हळूच एका बाजूला नेली. पोरीचे डोळे तिकडं गेले. दुसऱ्या बाजूला नेली. डोळे मागोमाग आले.

मामाजी मटकन उंबऱ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. एवढा गडगडाटी माणूस! मी पुरती गोंधळले. म्हटलं, "मामाजी, तुमीच तं म्हणले होते ना, निवडीत माणूस काहीबी बोलते."

"म्हणलं होतं," ते म्हणाले. "पण बोलता बोलता मलेच खरं वाटाले लागलं व माय. मग मी म्हणलं, आंधळं तं आंधळं. पण जगू दे."