न तुटणारी फुंक

सुरैयाला एका जागी बसवत नाही, हे अख्ख्या घाटनांदूरला ठाऊक. भाकरी तव्यावर टाकून ती अंगण झाडणार, अंगण अर्धवट सोडून कोंबडीमागं धावणार, आणि धावता धावता शेजारच्या वच्छलाबाईच्या घरात कुणाला ताप आलाय हेही विचारून घेणार. ती स्थिर व्हायची ती फक्त फुंकणीपुढं. दिव्याच्या वातीपाशी पितळी नळी धरायची, गाल फुगवायचे आणि ज्योत वाकवून पैंजणाच्या तुटक्या कडीवर आणायची. जोड कुठं होता, ते मग शोधूनही सापडत नसे.

काम मुळात नवऱ्याचं, जमीलमियांचं. त्यांच्या नजरेनं दगा दिला आणि फुंकणी हिच्या तोंडी आली. त्या कामातली खरी मेख फुंक न तोडण्यात आहे. फुंक तुटली की ज्योत हलते, ज्योत हलली की चांदीचा गोळा होतो आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. म्हणून कारागीर गालात हवा साठवतो, ती गालानंच नळीत रेटतो आणि तेवढ्यात नाकानं गुपचूप नवा श्वास ओढतो. सुरैयानं ही विद्या जमीलमियांकडून घेतली आणि लेकीला, आफ्रीनला, खेळ म्हणून दिली. पेल्यात पाणी, पाण्यात पपईच्या देठाची नळी, आणि बुडबुडे थांबता कामा नयेत.

पण यंदाच्या हिवाळ्यात सुरैयाच्या छातीत शिटी वाजायला लागली. पाण्याची घागर उचलली की दहा पावलांवर थांबावं लागे. नुसतं थांबणं बरं दिसत नाही, म्हणून ती जो दिसेल त्याला हाक मारून बोलत उभी राहायची. बाई वयानुसार बडबडी झाली, असं गावाला वाटलं. आफ्रीन मात्र फसली नाही.

आफ्रीनला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळालेला. सोमवारी निघायचं होतं. बॅग भरता भरता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अम्मी, आधी छाती तपासायची. खोट निघाली तर मी जात न्हाई. अब्बांना दिसत न्हाई, तुला दम पुरत न्हाई. घर कुणाच्या भरवशावर टाकू?"

"आन् न्हाई निघाली तर?"

"तर मुकाट्यानं जाईन."

झालं, सुरैयाची झोप उडाली. छातीत काय बिघडलंय याची काळजी तिला फारशी नव्हतीच. पोरगी घरी राहिली तर हीच चूल, हाच धूर आणि उद्या हीच फुंकणी तिच्या तोंडी येईल, या धास्तीनं ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

अंबाजोगाईला डॉ. मंजुषांचा छातीचा दवाखाना होता. आफ्रीन तिला तिथं घेऊन गेली. सुरैया बाकावर बसली, उठली, पाणी पिऊन आली, परत उठली. शेवटी तपासणीच्या खोलीत भागवत नावाच्या नव्या पोऱ्यानं तिच्या हातात मशीनची नळी दिली.

"मावशी, छाती भरून श्वास घ्या आन् पार संपंस्तवर जोरात सोडा. आमचा नाकाला लावायचा चिमटा तुटलाय, तवा नाक आपल्याच बोटानं दाबून धरा. तीनदा करायचंय."

खोटेपणा करायचा असं काही सुरैया ठरवून आली नव्हती. पण तोंडाला नळी लागली आणि वर्षानुवर्षांची सवय जागी झाली. गाल आपोआप फुगले. नाकावरचं बोट सैल केलं, ते मात्र तिनं जाणूनबुजून केलं. गालातली हवा बाहेर, नाकातली आत. पडद्यावरची रेघ चालतेय, चालतेय, संपायचं नाव नाही. भागवतनं मशीनला एक थापटी मारून पाहिली. दुसऱ्या वेळी तेच.

"मावशी, ही छाती हाय का पाण्याची टाकी?"

सुरैया हसली. आफ्रीन हसली नाही. तिची नजर आईच्या गालांवर होती, हलणाऱ्या नाकपुड्यांवर होती. पेल्यातले बुडबुडे ती विसरली नव्हती. ती पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, या बारीला नाक मी धरते."

सुरैयानं तिच्याकडं असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर मागं सरली असती. आफ्रीननं नाक घट्ट धरलं. गालातली हवा केव्हाच संपली. मग छातीत जे होतं तेच द्यावं लागलं, आणि छातीत असलेलं बाहेरच निघेना. रेघ थोडी चढली आणि आडवी पडली. खोकल्याची उबळ आली. आफ्रीननं तरी बोटं सोडली नाहीत.

डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं. श्वासनळी छातीत उतरून दोन वाटांनी फुटते. त्यांना फाटे, फाट्यांना आणखी फाटे. सुरैयाला जंत्रीच्या लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून बारीक बारीक होत जाणारी चांदीची तार आठवली. अगदी टोकाला हवेच्या इवल्या पिशव्या, तिथं रक्त ताजी हवा घेतं. धुरानं या बारीक नळ्या आतून सुजल्या होत्या. हवा आत जाते, बाहेर यायला अडते, शिळी हवा आतच साठते. "औषधाचा पंप नीट घेतला आणि धूर सोडला तर चांगल्या राहाल," बाई म्हणाल्या. "फुंकणी मात्र बंद."

 जीपमधून उतरून घरी आल्यावर, दारात चपला काढताना सुरैया फुटली.

"पोटच्या पोरीनं आईचं नाक धरलं. लई शिकलीस. आता बस इथंच, फुंकत."

 आफ्रीननं पंप उघडून आईच्या हातात दिला. सुरैयानं तो तोंडाला लावला आणि जन्मभराच्या सवयीनं त्यात फुंकर मारली. औषध सगळं बाहेर. बाजेवर बसलेले जमीलमिया नुसत्या आवाजावरून हसले.

"अम्मी, ओढायचं. पोटावर हात ठेव. छातीखालचा पडदा खाली सरकला की हात वर येतो. मग दम आत धरायचा, मी दहापर्यंत मोजते. मधी सुटला तर औषध वाया."

बऱ्याच खटपटीनंतर एकदाचा श्वास नीट आत गेला. आफ्रीन सावकाश मोजू लागली. मोजता मोजता ती कोनाड्यापाशी गेली आणि तिथली पितळी फुंकणी तिनं उचलली.

"चार. जोडकामाला गॅसची बत्ती आणलीया, तिला फुंक लागत न्हाई. पाच. पंप कसा घ्यायचा ते वच्छलामावशीला दाखवून ठेवते. सहा. जात न्हाई म्हणलं खरं, पण खोट काय हाय ते कळत नव्हतं, ह्याचंच भ्या होतं मला. आता कळलंय. सात. सोमवारी जाते. ही माझ्यासंगं येणार."

तिनं फुंकणी ओढणीत गुंडाळून बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवली. सुरैयाला ओरडायचं होतं, धावत जाऊन नळी हिसकायची होती, पोरीला छातीशी धरायचं होतं. पण दम सुटला असता. ती डोळे भरून, हात पोटावर ठेवून बसून राहिली.

आफ्रीन नऊपाशी जरा रेंगाळली. दहा म्हणाली, तेव्हा बॅगेची चेन लागली होती.