दाराबाहेर मेथी निवडताना

सासूबाई गेल्यावर आम्ही सासऱ्यांना नाशिकहून इकडे आखातात, मंगफच्या आमच्या घरी आणलं. आले ते थेट आतल्या खोलीत शिरले. जेवायलासुद्धा बाहेर येईनात. ताट आत न्यायचं आणि अर्धं तसंच परत आणायचं. चार दिवसांत नवऱ्याला म्हणाले, मला परत पाठव. तिकडे रिकामं घर आणि हे एकटे.

मी पडले बडबडी. दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर तोंड बंद ठेवावं लागतं, त्याचं उट्टं घरी काढते. बाबा, चहा घेता का, बाबा, समुद्रावर जाऊ या, बाबा, दोन घास तरी खा. मी जितकी मागे लागे तितके ते भिंतीकडे तोंड करून पडत. मग मला राग येई आणि तो निघे भांड्यांवर.

रानातल्या चिंपांझी-गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या पहिल्यावहिल्या शास्त्रज्ञ बायकांवर लेक तेव्हा शाळेसाठी काहीतरी तयार करत होती. माझी आदळआपट ऐकून तिने मला इंग्रजीतच सुनावलं. त्या बायका म्हणे महिनोन् महिने लांब बसून राहायच्या. मागे धावायच्या नाहीत, टक लावून बघायच्या नाहीत, पाला चघळल्यासारखं करायच्या. मग ती जनावरंच हळूहळू जवळ येऊ द्यायची. आणि तू आजोबांच्या अंगावर धावून जातेस, असं तिचं म्हणणं. नवरा भडकला, माझ्या बापाला गोरिला म्हणते का म्हणून. मला मात्र पटलं. त्या बायकांना जळवा-चिखलात जे जमलं, ते मला एसीच्या गारव्यात जमू नये?

दुसऱ्या दिवशी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, मेथीच्या जुड्या आणल्या आणि बाबांच्या दाराबाहेर, त्यांच्याकडे पाठ करून निवडत बसले. चकार शब्द काढला नाही. अहो, जीव नुसता गुदमरला माझा! रोज कामावरून आलं की हेच. रोज मेथी खाऊन नवऱ्याने हात टेकले.

एका संध्याकाळी माझ्या खांद्याशेजारून एक सुरकुतलेला हात आला आणि परातीतली जाड काडी उचलून बाजूला टाकली. मी मान वळवली नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. रानात त्या बायकांना काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं. बाबा हळूच खाली बसले, एक जुडी स्वतःकडे ओढली. बराच वेळ आम्ही दोघं पानं खुडत होतो.

मग म्हणाले, "तू हल्ली बोलत का नाहीस?"

म्हटलं, तुम्हाला त्रास नको म्हणून.

"तू भांड्यांवर चिडायचीस ना, मी आतून ऐकायचो. ती अशीच चिडायची. तू गप्प झालीस आणि इथंही नाशिकच झालं."

मला रडूच फुटलं. रडत रडतच सुरू झाले. लॅबमधल्या कागाळ्या, लिफ्टचं रडगाणं, वाण्याशी झालेलं भांडण, सगळं सांगितलं. मेथी निवडून संपली तरी बाबा उठले नाहीत.