पाठीवरचं लाकडी लेकरू

ओगुन्दिपे सकाळपासून चार वेळा कामाच्या छपराखाली जाऊन आला. वाडग्यातला कुटलेल्या कोनफळाचा गोळा तसाच गार पडला होता. पायाला भिंगरी लागली की काय, असं आयोकानं, त्याच्या बायकोनं विचारलं. मूर्ती काही पळून जात नाही म्हणाली. तिला काय सांगणार, कपाळ! मूर्ती पळाली नव्हती, तडकली होती.

गुडघे टेकलेली आई आणि तिच्या पाठीशी बांधलेलं मूल. नदीच्या देवीसाठी, ओशुनसाठी, असल्या मूर्ती घडवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. माणूस तिखट. घाई असेल त्यानं टोपल्या विणाव्यात, असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचा. आणि आता म्हातारपणी स्वतःच घाई करून बसला होता.

कारण ही मूर्ती सांगून गेलेली मोरेनिके. तिची तीन लेकरं पाऊल टाकायच्या आधीच गेली. चौथं पोटात होतं, आणि बाळंत होण्याआधी देवीला मूर्ती वाहायचा तिचा नवस होता. तिचे दिवस भरत आले तसं म्हाताऱ्याला राहवेना, म्हणून लाकूड पुरतं सुकायच्या आत त्यानं तासायचा वाकस चालवला. भेग गेली ती नेमकी बाळाच्या पाठीतून. आई आणि मूल एकाच ओंडक्यातून काढायचं, सांधायचं काही नाही, ही बापाची शिकवण. भेगेत मेण भरून वर रंग फासावा, असंही मनात येऊन गेलं. त्याची त्यालाच लाज वाटली.

दुपारी मोरेनिके आली. त्यानं मूर्ती फिरवून भेग तिच्यापुढे धरली.

"चूक माझी आहे, पोरी. दुसरी करायला दोन महिने लागतील."

"माझ्याकडे दोन आठवडेही नाहीत, बाबा."

ती भेगेवरून बोट फिरवत बसली. हिनं दोन शिव्या हासडल्या तर बरं होईल, असं त्याला झालं. मग तिनं कमरेची कापडी पट्टी सोडली. तिसरं लेकरू तिनं ह्याच पट्टीनं पाठीशी बांधलं होतं. ते गेल्यापासून पट्टी अंगावेगळी केली नव्हती. ती तिनं लाकडी बाळावरून घेतली, लाकडी आईच्या छातीपर्यंत आणली.

"पाठीवरचं मूल घसरायला लागलं की आई ते टाकून देते का? पट्टी आवळते." तिला धाप लागली. "माझं पोट मधे येतंय. गाठ तुम्ही मारा."

ओगुन्दिपेनं पट्टीची दोन्ही टोकं हातात घेतली. गाठ त्यानं घट्ट मारली.