डाव्या मागच्या चाकाचा आवाज

म्हात्रेशेठ गाडी घेऊन तिसऱ्यांदा दारात उभे होते आणि या वेळी त्यांचा चेहरा पडलेला होता. "मॅडम, जुनी चाकंच परत लावा. आय गाडीत बसत नाय."

ठाण्यात माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. बाळकुमच्या रोहिदास म्हात्रेंना नवी अलॉय व्हील्स मीच बसवून दिली होती. जुन्यापेक्षा रुंद, त्यामुळे टायर जरा बाहेर येतो. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, एकटीच चक्कर मारून आले, कुठे काही घासलं नाही. स्वतःवर भलतीच खूश होते. आठवड्यात त्यांची तक्रार आली: स्पीडब्रेकरवर मागच्या डाव्या चाकाकडून खर्रकन आवाज येतो. दोनदा गाडी दुकानात आणली आणि दोन्ही वेळा ती गप्प.

मग मी फोन करून विचारलं, मागे कोण बसतं? त्यांची आई, नेहमी डावीकडे. "मग वजन जास्त पडत असेल," मी पटकन बोलून गेले. फोन स्पीकरवर होता. आईंनी ऐकलं.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून तीनदा नौपाड्यात फिजिओथेरपीला जायचं. त्या दिवसापासून त्यांनी गाडी सोडली. रिक्षात चढता येत नाही, म्हणजे व्यायामही सुटला. दोन आठवड्यांत गुडघा आखडायला लागला होता. हे म्हात्रेंकडून ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरुणपण मिठागरात टोपल्या वाहण्यात घालवलेल्या बाईला मी फोनवरून वजन ऐकवलं होतं.

जुनी चाकं लावली असती तर आवाज गेला असता. पण त्यांच्या मनातलं गेलं नसतं, आणि एकाच बाजूला का घासतं तेही कळलं नसतं. जॅक आणि पाने घेऊन मी म्हात्रेंबरोबर बाळकुमला गेले.

त्यांच्या आई, मी त्यांना मावशीच म्हणते, पडवीत खुर्चीवर होत्या. माझ्याकडे न बघता आपल्या आगरी बोलीत म्हणाल्या, "मना नको बसवू पोरी. गारी घासतं."

मी वाद घातला नाही. मागच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याच्या कडेला आतून खडू फासला. टायर टेकला की खडू पुसला जातो, एवढी साधी युक्ती. मग मी त्यांच्या जागेवर, डावीकडे बसले. माझं वजन त्रेपन्न किलो. म्हात्रेंनी गाडी गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून नेली. खर्र. डावीकडचा खडू पुसलेला. मावशींनी पहिल्यांदा मान वर केली.

पुसलेला खडू परत फासला आणि मावशींना म्हटलं, आता तुम्ही उजवीकडे बसा. काठी टेकत, पुटपुटत बसल्या. त्या आणि गाडी चालवणारे म्हात्रे, दोघांचंही वजन आता उजवीकडे. तोच स्पीडब्रेकर तीनदा ओलांडला. आवाज नाही. दोन्हीकडचा खडू जसाच्या तसा होता. त्याचे फोटो काढून मी मोबाईलवर दाखवले, तर त्यांनी ते बोटांनी मोठे करून नीट बघितले.

रिकामी गाडी सपाट जागी लावून टेप काढली. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतची उंची डावीकडे दोन सेंटिमीटर कमी. पाच मिनिटांचं काम, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चाक काढून टॉर्च मारला. गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटून चिखलात लपलेला होता. जुनी चाकं आत असायची म्हणून पत्रा वाचत होता. नव्या चाकांनी फक्त चुगली केली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मागच्या दोन्ही स्प्रिंग बदलल्या. त्या जोडीनेच बदलतात, नाहीतर गाडी परत एका अंगावर कलते. नवी चाकं तशीच ठेवली. ट्रायलला मात्र बाळकुमला गेले, मावशींना त्यांच्या जागेवर बसवलं आणि मी शेजारी बसले; चालवायला म्हात्रे. निघण्याआधी माफी मागितली. स्पीडब्रेकर आला तशी त्यांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. गाडी चढली, उतरली. काही वाजलं नाही.

मावशींनी हात सोडला आणि मुलाच्या खांद्यावर थाप मारली. "गारी मोरली व्हती. मी नाय. चल आता नौपाऱ्याला."

तेव्हापासून कोणी चाकं बदलायला आलं की मी आधी चारही बाजूंची उंची मोजते. आणि वजनाबद्दल फोनवर बोलत नाही.