बावकरकाकांचा लालभडक निकाल

हसायचं असेल तर खुशाल हसा, अख्खी काळाचौकी हसून झाली आहे! असला घोळ घालायला सुद्धा अक्कल लागते, आणि ती देवाने मला भरभरून दिली आहे.

मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात. सध्या आमच्याकडे एक मोठं काम चाललंय. लिव्हरच्या पेशंटच्या जुन्या फायली कॉम्प्युटरला शिकवायच्या. मग नवा पेशंट आला, की तो बरा होऊन घरी जाईल की तब्येत बिघडेल, हे कॉम्प्युटर आधीच सांगणार. फायलींतले आकडे भरतं कोण? मी! दोन महिन्यांत मला वाटायला लागलं, डॉक्टर आपले नावाला, खरी लिव्हरतज्ज्ञ मीच.

अशात आमच्या चाळीतले बावकरकाका काविळीने आमच्याच हॉस्पिटलात दाखल झाले. लहानपणी मला खांद्यावर बसवून गणपती दाखवणारे काका! मला राहवेना. सकाळी कुणी यायच्या आत त्यांची फाईल उघडली आणि आकडे भरले. शोभतं का हे? नाही शोभत. पण भरले.

कॉम्प्युटरने लालभडक उत्तर दिलं: धोका अतिगंभीर.

काकूंना सांगायची हिंमत होईना. म्हणून कोकणात गावी काकांच्या मोठ्या भावाला, अण्णांना, फोन लावला. दोघं भाऊ बारा वर्षं बोलत नव्हते. कशावरून? तर गणपतीत आरतीचं ताट आधी कुणी धरायचं यावरून! मी म्हटलं, "अण्णा, भेटायचं असेल तर लगेच निघा." चाळीत फक्त सविताताईंना सांगितलं, 'कुणाला बोलू नका' म्हणून. त्यांनीही प्रत्येकाला 'कुणाला बोलू नका' म्हणूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात अण्णा, आणि मागे अर्धी चाळ. काका पलंगावर बसून हॉस्पिटलच्या खिचडीला नावं ठेवत होते.

"बाबल्या, कसो आसस रे?" अण्णा डोळे पुसत म्हणाले.

"मी बरो आसंय. तू रडतस कित्याक?"

अण्णांनी पिशवीतून नारळ काढला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! माझ्या भावाक बरो कर रे म्हाराजा!"

आणि अर्धी चाळ एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

सिस्टर धावत आल्या, मागोमाग डॉक्टर. "हे सिरियस आहेत असं कोण म्हणालं?"

वॉर्डातली सगळी बोटं माझ्याकडे!

डॉक्टरांनी मला कॉम्प्युटरसमोर उभं केलं. "बिलीरुबिन नव्याण्णव? अहो, काविळीचा एवढा आकडा असलेला माणूस मी जन्मात बघितला नाही!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. जुन्या फायलीत एखादा रिपोर्ट नसला, की त्या रकान्यात आम्ही नव्याण्णव टाकतो, म्हणजे नंतर तो रकाना वगळता येतो. काकांचा हा रिपोर्ट तेव्हा यायचाच होता. बोटांनी सवयीने नव्याण्णव टाकलं आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरने ते खरं मानलं. खरा आकडा होता चार!

विचारल्याशिवाय फाईल उघडली आणि वर गावभर केलं, म्हणून डॉक्टरांनी सोलून काढलं. मी लेखी माफी मागितली. चुकलेच होते.

काका चार दिवसांत घरी आले. अण्णा अजून गेलेले नाहीत. दोघं रोज गॅलरीत बसून कडाकडा भांडतात, पण बोलतात तरी! काकूंनी मला रागवायचं सोडून शिरा खायला घातला. खरं सांगते, इतकं बरं वाटलं मला.

अब्रू मात्र गेली ती गेलीच. परवा शेजारच्या मोरेआजी दाखल झाल्या. त्यांच्या सुनेने मला जिन्यात गाठलं. "काय गं, कशा आहेत आमच्या आजी?"

मी आता शहाणी झालेय. गंभीर चेहरा करून म्हटलं, "मला काही विचारू नका वहिनी. मी काही सांगणार नाही."

"तुझा चेहरा पडलाय ना? मग झालं! येतात आजी घरी," म्हणाली, आणि आजींची गादी उन्हात टाकायला निघून गेली.